मोजणाऱ्याला परीक्षा, ऐकणाऱ्याला माफी

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ग्रामपंचायतीची घरपट्टी अवाजवी लागली असे घरमालकाला वाटले, तर त्याने कुठे जायचे हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२४ व्या कलमात लिहून ठेवले आहे. पहिले अपील पंचायत समितीकडे, तिथे समाधान झाले नाही तर दुसरे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे, आणि तिचा निर्णय अखेरचा. ज्या ग्रामसेवकाने ते घर नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, चढवले, तो भरतीची परीक्षा आणि खात्याचे प्रशिक्षण यांतून आलेला असतो. ज्यांच्यापुढे त्याच्या आकारणीची शहानिशा व्हायची, त्या सदस्यांना मात्र आकारणी कशी करतात याचे तासाभराचेही शिक्षण अपील ऐकण्याची अट म्हणून घ्यावे लागत नाही. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत स्थिती हीच आहे. ही विसंगती कुणाच्या विसरभोळेपणातून आलेली नाही. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत वऱ्हाडातल्या महसुलाची घडी जशी बसत गेली, तिच्यातच ती मुरलेली आहे: मोजणारा, प्रत लावणारा, लिहिणारा यांची परीक्षा प्रत्येक राजवटीने घेतली, तक्रार ऐकणारा मात्र पदामुळे, आणि पुढे निवडून आल्यामुळे, आपोआप लायक मानला गेला.

त्याआधीच्या काळात परीक्षेचा प्रश्नच नव्हता, कारण काम घराण्याचे होते. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचे नाव आहे, म्हणजे जमाबंदीचे कागद या भागाला चारशे वर्षांहून जुने. परगण्याचा हिशेब देशमुख-देशपांड्यांकडे, गावचा पाटील-पटवाऱ्याकडे. कोणते शिवार किती पिकते हे या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे, आणि ते ज्ञान दप्तराच्या रुमालांत बांधलेले असे. निजामाच्या अमदानीत महसूल मक्त्याने देण्याची चाल वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधी पूरणमल सावकार आणि नंतर पेस्तनजींची पारशी पेढी यांच्याकडे वऱ्हाडातली महसुलाची मोठमोठी कामे गेली. मक्तेदाराने दरबाराला रक्कम आगाऊ मोजलेली असे, ती व्याजासकट वसूल करायची म्हटल्यावर शेताची प्रत कोण पाहणार? जाणकार माणसे गावोगाव होती, पण त्यांचे म्हणणे कुणी तपासून पाहावे अशी सोय नव्हती. रयतेने तक्रार करायची ती बहुधा त्याच माणसाकडे, ज्याचा वसुलीत वाटा असे. परंपरागत जाणकारीचे गोडवे गाताना तिची ही बाजू सहसा झाकली जाते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुली गेली. त्यांच्या जागी आली ती मुंबई इलाख्यातली सर्व्हेची पद्धत. आणि ती पद्धत स्वतःच एका मोठ्या फजितीतून जन्मली होती. १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने दख्खनमध्ये मोजणी हाती घेतली. प्रिंगल हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला, तिथे अर्थशास्त्रज्ञ माल्थस त्याचा अध्यापक. शेतीचा सगळा खर्च वजा करून उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारने घ्यावेत, असा त्याचा हिशेब. कागदावर तो चोख होता. पण निव्वळ उत्पन्न ठरवण्यासाठी लागणारी माहिती खालच्या कारकुनांनी गोळा करायची, आणि त्यांच्यावर नजर ठेवण्याची व्यवस्था नाही. माहिती चुकीची आली, काही विकतही गेली, आकार जड झाला, आणि इंदापूरकडच्या जमिनी ओस पडू लागल्या. प्रशिक्षणाने काय साधते असे विचारणाऱ्याच्या हाती प्रिंगल हा हुकमी पुरावा आहे: त्या काळी मिळू शकणारे सर्वोत्तम अर्थशास्त्र शिकलेला माणूस, आणि त्याच्या हातून त्या काळातली एक अतिशय वाईट आकारणी. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच प्रिंगलनंतर काय झाले ते जरा सावकाश पाहायला हवे.

१८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नवी सुरुवात केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि जमीन पाहिली. मातीचे तीन वर्ग, खोली हातांत मोजायची, आणि त्यावरून शेताच्या तुकड्याला प्रत लावायची: पावणेदोन हात खोल काळीला सोळा आणे, मग चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटी दोन आणे. चुनखडी असेल, रेती मिसळलेली असेल, जमीन उतरती असेल, पाणी साचत किंवा माती वाहून नेत असेल, तर प्रत्येक दोषामागे एक पायरी खाली. प्रतवारी करणाऱ्याने शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खोदून पाहायचे आणि खुणा नकाशावर मांडायच्या. मग वरच्या अधिकाऱ्याने त्यातली काही शेते निवडून स्वतः पुन्हा प्रत लावून पाहायची आणि दोन्ही आकडे ताडायचे. प्रिंगल आणि विंगेट यांच्यातला खरा फरक या शेवटच्या कलमात आहे. विंगेटच्या माणसांना माल्थस ठाऊक नव्हता. त्यांना एक अशी रीत शिकवलेली होती की दोघांनी स्वतंत्रपणे ती वापरली तर उत्तर जवळपास सारखे यावे, आणि न आल्यास चूक कुठे झाली ते दाखवता यावे. ज्या शिक्षणाचा फायदा होतो ते या जातीचे असते. तेव्हा प्रिंगलचा दाखला प्रशिक्षणाविरुद्ध म्हणून द्यायचा असेल, तर तो तपासता न येणाऱ्या पांडित्याविरुद्ध आहे एवढे त्यात जोडून द्यावे.

ही पद्धत १८६० च्या दशकात वऱ्हाडात आली आणि मलकापूर, चिखली, मेहकर या आजच्या जिल्ह्याच्या जुन्या तालुक्यांत शेतोशेती खड्डे खणले गेले. या जिल्ह्याने तिची परीक्षाही चांगली घेतली असणार. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी, घाटावर मेहकर-सिंदखेडकडची उथळ, मुरमाड, उताराची जमीन; एका जिल्ह्यात सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंतची सगळी शिडी. शिवाय जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगावकडचा खारपाणपट्टा: वरून पाहिली तर पहिल्या प्रतीची माती, पण विहिरीचे पाणी खारे. खोलीचा नियम तिथे अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली गावकऱ्याला ठाऊक असते. स्थानिक माहितीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की गावकऱ्याने ती माहिती सांगितली तर ती ऐकून आकड्यात उतरवता येईल असा कुणी समोर होता का?

तो नव्हता, निदान खात्याबाहेर तरी नव्हता. मुंबई इलाख्यात १८७६ च्या कायद्याने जमीनमहसुलाच्या आकाराचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले. वऱ्हाडातही आकाराविरुद्धची दाद महसूल खात्याच्याच शिडीने वर चढे. खालच्या पायऱ्यांवर मात्र शिस्त वाढत गेली. १९०० च्या वऱ्हाड पाटील-पटवारी कायद्याखाली वतन वारशाने चालत राहिले, पण वारस कामाला लायक नसेल तर त्याच्या जागी गुमास्ता नेमला जाई. मान घराण्याचा आणि लेखणी लायक माणसाची, अशी ती तडजोड. स्वातंत्र्यानंतर वतने गेली, तलाठी आला आणि त्याच्या मागे दुय्यम सेवा परीक्षा लागली. म्हणजे वंशपरंपरेचा हक्कसुद्धा योग्यतेच्या अटीपुढे वाकवता येतो हे वऱ्हाडाने एकोणिसावे शतक संपतानाच दाखवून दिले होते. हा नियम वरच्या पायरीला लावावा असे मात्र कुणाच्या मनात आले नाही, कारण वर साहेब बसला होता, आणि साहेबाला येत नाही असे म्हणण्याची सोय नव्हती.

त्या साहेबालाही येत नव्हते, हे उघड व्हायला १९२८ साल उजाडावे लागले. बारडोली तालुका गुजरातेतला, पण जमाबंदी याच मुंबई पद्धतीची. तिथे सरकारने सुमारे २२ टक्के वाढ लादली, सत्याग्रह झाला, आणि अखेर एक न्यायाधीश ब्रूमफिल्ड आणि एक महसूल अधिकारी मॅक्सवेल यांची चौकशी बसली. दोघे गावोगाव फिरले, खंडाच्या ज्या आकड्यांवर वाढ उभी होती ते एकेक तपासले आणि ते आधार म्हणून टिकत नाहीत असे म्हणाले. वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आली. या प्रकरणातला सत्याग्रह सगळ्यांना आठवतो, आणि तो आठवावाच, कारण त्याच्याविना चौकशी झाली नसती. पण २२ चे ६ झाले ते खंडाचा तक्ता वाचता येणाऱ्या आणि वाचण्याची तसदी घेणाऱ्या दोन माणसांमुळे. त्यांच्या जागी सहानुभूती असलेले पण तक्ता न कळणारे पाच सज्जन बसवले असते, तर सरकारी अधिकाऱ्याच्या आकड्यांना त्यांनी काय उत्तर दिले असते?

शेतसाऱ्याकडून घरपट्टीकडे वळताना खामगाव मधे येते. तिथली नगरपालिका १८६७ मधली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने जलंबहून येणारा रेल्वेचा फाटा उघडला तेव्हा कापसाच्या या बाजाराची कीर्ती देशभर होती. जिनिंग, प्रेस, वखारी, आडत्यांची दुकाने अशा मिळकतींवर कर बसवायचा तर मूल्य कसे ठरवायचे? घराचे भाडे शेजारच्या घरावरून अदमासता येते. गाठी बांधणाऱ्या कारखान्याचे भाडे कुणी सांगावे? १९२२ च्या मध्य प्रांताच्या नगरपालिका कायद्याने आणि मग १९६५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ही गुंतागुंत ओळखली. आज नगरपरिषदेची चतुर्थ वार्षिक आकारणी होते तिच्यात नगररचना खात्याचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी असतो, म्हणजे मूल्य ठरवणे हे शिकलेल्याचे काम आहे हे कायद्यालाच मान्य आहे. मालमत्ता कराच्या अपील समितीत मात्र अधिकाऱ्यांच्या शेजारी निवडून आलेले प्रतिनिधी बसतात ते पदामुळे, आणि त्यांच्याकडून कसल्याच तयारीची अपेक्षा नाही. शहरात निदान एक जाणता अधिकारी टेबलाच्या त्या बाजूला असतो. गावच्या अपिलात तोही नाही.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने आणि मे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर गावच्या कराचे अपील लोकनियुक्त सभागृहांकडे गेले, हे पाऊल चांगलेच होते. जुन्या काळी घरपट्टी बहुधा घराच्या लांबी-रुंदीवर असे. फूटपट्टी घेतली की शंका फिटे, आणि सभापतीला घर पाहून निवाडा देता येई. पण क्षेत्रफळावरची ती आकारणी न्यायालयात टिकली नाही, आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीने ग्रामपंचायतीचा कर भांडवली मूल्यावर गेला. आता जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा, वापराप्रमाणे भारांक, आणि या साऱ्यातून निघणाऱ्या मूल्यावर कराचा दर. सिंदखेड राजा तालुक्यातले एखादे मातीचे धाब्याचे घर कल्पनेत घ्या. साठ वर्षांचे, पुढच्या अंगाला मुलाने काढलेली एक आरसीसीची खोली, आणि त्या खोलीत किराणा दुकान. सगळे घर आरसीसी धरले, घसारा खोलीच्या वयावरून मोजला आणि भारांक सरसकट दुकानाचा लावला, तर पट्टी कितीतरी वाढेल. आणि तीन स्वतंत्र चुका एकाच आकड्यात विरघळून जातील. मालकाला एवढेच कळेल की रक्कम जास्त आहे. अपील ऐकणाऱ्या सदस्यालाही तेवढेच कळणार असेल, तर मग तो काय करील? तो कागदावर सही करणाऱ्या ग्रामसेवकाला विचारील. ज्याच्या आकारणीवर तक्रार आहे तोच सुनावणीतला एकमेव तज्ज्ञ, ही या व्यवस्थेची खरी अडचण आहे, आणि ग्रामसेवक प्रामाणिक असला तरी ती अडचण राहतेच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप लोकशाहीच्या नावाने येतो. सदस्याला मतदारांनी निवडले. त्याच्यावर शिक्षणाची अट घालणारे तुम्ही कोण? हरियाणाने पंचायतीच्या उमेदवारीला शालेय शिक्षणाची अट घातली आणि डिसेंबर २०१५ मध्ये राजबाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली, तेव्हा अनेकांनी रास्त हरकत घेतली होती की ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांचाच हक्क यात जातो. महाराष्ट्रातही थेट निवडणुकीच्या सरपंचाला, १९९५ नंतर जन्मलेला असेल तर, सातवी पासची अट २०१७ मध्ये आली. मला ही वाट पटत नाही. पण निवडणुकीच्या दारावर उभी केलेली अट आणि निवडून आल्यावर सरकारने आपल्या खर्चाने दिलेले शिक्षण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले माणसाला बाहेर ठेवते, दुसरे आत आलेल्याच्या हाती काही देते. शिवाय सदस्याची दोन कामे आहेत. रस्ता आधी कोणत्या वस्तीला, हे ठरवताना तो प्रतिनिधी असतो आणि तिथे त्याची जाण पुरेशी. अपील ऐकताना तो न्याय देणारा असतो. आपल्या मतदाराच्या बाजूने झुकणे पहिल्या जागी गुण आहे, दुसऱ्या जागी दोष. सक्ती करायची ती फक्त दुसऱ्या कामापुरती: प्रशिक्षण झाले नसेल तर सदस्यत्व शाबूत, अपिलाच्या सुनावणीत मात्र बसायचे नाही.

अशी सक्ती जगात चालू आहे. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात मालमत्तेच्या मूल्याविरुद्धच्या तक्रारी ऐकायला स्थानिक नागरिकांची मंडळे असतात, आणि राज्याच्या कंट्रोलर कार्यालयाचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय सदस्याला सुनावणीत भाग घेता येत नाही. मूल्य ठरवणाऱ्या संस्थेचे आणि कर घेणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी-नोकर त्या मंडळावर येऊ शकत नाहीत, हा भाग आपल्याला अधिक अवघड जाईल. आपल्याकडची पंचायत समिती काही अंशी त्याच यंत्रणेची आहे जिला गावांची वसुली वाढलेली हवी असते.

त्यातूनच दुसरा, अधिक चाणाक्ष आक्षेप निघतो: शिकवणार कोण? ग्रामविकास खाते शिकवणार असेल तर ते वसुली शिकवील. सदस्य आज अडाणीपणाने ग्रामसेवकाचे ऐकतात, उद्या शहाणपणाने ऐकतील. या भीतीला आधार आहे. पुण्याच्या यशदासारख्या संस्थेत लोकप्रतिनिधींची प्रशिक्षणे होतात, पण तीही सरकारचीच. म्हणून अभ्यासक्रमात काय असावे हे शिकवणाऱ्यावर सोडून चालणार नाही. नमुना ८ मधल्या प्रत्येक रकान्याचा उगम कुठला, मूल्यदर तक्त्यात आपले गाव कोणत्या विभागात धरले आहे, घसाऱ्याचे वय कोणत्या कागदावरून ठरते, घर प्रत्यक्ष पाहायला कधी जावे, आणि निर्णयाची कारणे कशी लिहावीत, एवढे दोन दिवसांत शिकवता येते. त्यातले कारणे लिहिणे सगळ्यांत मोलाचे. विंगेटच्या काळी प्रतवारी करणाऱ्याचे काम वरिष्ठाला तपासता येत होते, कारण खुणा नकाशावर होत्या. कारणे न लिहिलेला निर्णय पुढच्या स्थायी समितीला तपासता येत नाही, तिला नव्याने अंदाजच करावा लागतो.

गावकीचा तिसरा आक्षेप राहतो, की पंचांना गाव ठाऊक असते, त्यांना शिकवणे म्हणजे आजीला स्वयंपाक शिकवणे. खारपाणपट्ट्याचे उदाहरण मी वर दिलेच आहे. गावाला जे ठाऊक असते ते तक्त्यात नसते. पण पंचायत समितीचा सदस्य ज्या गावचे अपील ऐकतो ते बहुतेक वेळा त्याचे गाव नसते. आणि असलेच, तर त्याला घराइतकीच घरमालकाची भाऊबंदकी आणि गेल्या निवडणुकीतला त्याचा गटही ठाऊक असतो. निम्म्या जागांवर आज स्त्रिया निवडून येतात, आणि सासरच्या तालुक्यात चार वर्षांपूर्वी आलेल्या सदस्येकडे ही पिढीजात माहिती असणारही नाही. तक्ता वाचता आला नाही तर तिला तो नवरा वाचून दाखवील, नाहीतर गटविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयातला बाबू. वाचता आला, तर मातीच्या घराला आरसीसीचा दर का लावला, हे ती ग्रामसेवकाला स्वतः विचारू शकेल, आणि उत्तर पटले नाही तर तसे आदेशात लिहू शकेल.